एक्झॉस्ट वॉल्व जाम झालाय? हेड खोलायच्या आधी हे करून बघा

दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी हेच बघतो. पावसाळाभर पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असलेली गाडी कोणीतरी बाहेर काढतं, पूजा करायची म्हणून धुतं पुसतं, मग किक मारतं आणि किक एकदम हलकी, पाय सरळ खाली जातो, इंजिनात पिस्टनच नसल्यासारखा. मग धक्का मारून बघतात, उतारावरून सेकंड टाकून सोडतात, तरी गाडी चालू होत नाही. यातल्या बऱ्याच गाड्यांचा एक्झॉस्ट वॉल्व, म्हणजे जळालेला गॅस बाहेर सोडणारी झडप, उघडा राहून जाम झालेला असतो, आणि तो हेड (सिलिंडरच्या टोकाचा वॉल्व असलेला भाग) न खोलता घरच्या घरी सुटू शकतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

हे मी शिकलो मामांच्या स्प्लेंडरवर. त्यांची गाडी नाशिकच्या पंचवटीत जुन्या वाड्याच्या बोळात उभी असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, तेव्हा या बोळातही पाणी शिरलं आणि गाडीचा सायलेन्सर बुडाला. पाणी ओसरल्यावर घर आवरायचं का गाडी बघायची, त्यामुळे दिवाळीपर्यंत तिला कोणी हात लावला नाही. नंतर एका गॅरेजवाल्यानं बघितलं आणि अख्खं हेड बदलावं लागेल म्हणून सांगितलं, मामा म्हणाले जाऊदे, भंगारात टाकू. मी म्हटलं मामा मला आठ दिवस द्या. पाचव्या दिवशी वॉल्व सुटला. मामा आजही तीच गाडी घेऊन भाजी आणायला जातात, आणि म्हणूनच मला हे सगळं नीट लिहून ठेवायचंय.

आधी हे जाम का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. वॉल्वची दांडी हेडमधल्या एका नळीत वरखाली होते, त्या नळीला गाईड म्हणतात. दांडी आणि गाईडमध्ये जागा अगदी केसाएवढी. इनटेकच्या वॉल्ववरून सतत थंड पेट्रोल आणि हवा जाते म्हणून तो त्यामानाने स्वच्छ राहतो. एक्झॉस्टच्या नशिबात नुसता जळालेला गॅस, चालू गाडीत त्याचं डोकं सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतं, आणि दांडीचा जो भाग गाईडच्या खाली पोर्टमध्ये, म्हणजे गॅस बाहेर जायच्या वाटेत, लोंबतो त्यावर कार्बन चढत जातो. त्यात पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. गाडी लांब पळाली तर ते वाफ होऊन निघून जातं, पण आपण सिडकोतल्या सिडकोत दूध आणायला जाणार, दोन मिनिटांत गाडी बंद, मग ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि पोर्टमध्येच बसतं. आता गाडी बंद करताना इंजिन जर अशा जागी थांबलं की एक्झॉस्ट वॉल्व उघडा आहे, तर ओल सरळ दांडीवर बसते, गंज धरतो, कार्बन फुगतो आणि दांडी गाईडच्या खालच्या तोंडाशी पकडली जाते. खालच्या तोंडाशी, हे लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी करू नका

एक, सारखी किक मारू नका आणि धक्का तर अजिबात नको. वॉल्व खाली अडकलेला असताना पिस्टन जोरात वर आला तर काही इंजिनांत तो वॉल्ववर आपटतो, वॉल्व वाकतो, आणि मग खरंच हेड खोलावं लागतं. जुन्या बुलेटसारख्या पुशरॉडच्या इंजिनात रॉड वाकू शकतो.

दुसरं म्हणजे गाडी पुरात बुडालेली असेल तर प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवूच नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजिन ऑइलचा नट खोलून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय, सगळं काढून टाका आणि स्वस्तातलं नवीन ऑइल भरा, ते नंतर परत बदलायचंच आहे.

सामान

प्लग पाना, १० आणि १७ नंबरचे पाने, १४ ची गोटी (सॉकेट) आणि हँडल, मोठा स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च, गंज सोडवायचा स्प्रे ज्याला लांब लाल नळी येते तो (डब्ल्यूडी-४० चालतो), थोडा कापूस, प्लास्टिकची हातोडी आणि पेन्सिलीएवढी जाड पितळी किंवा लाकडी दांडी. मी नंबर स्प्लेंडरचे सांगतोय, तुमच्या गाडीचे वेगळे असू शकतात. हातमोजे घाला आणि हे काम मोकळ्या हवेत करा.

खरंच वॉल्वच आहे का ते बघा

प्लग काढा, प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबा आणि दुसऱ्या हाताने किक हळू खाली दाबा. चांगल्या इंजिनात अंगठा उडतो. काहीच नाही आलं तर प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल सोडून परत बघा. ऑइलमुळे कॉम्प्रेशन, म्हणजे अंगठ्यावरचा दाब, वाढलं तर दुखणं रिंग-पिस्टनचं आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही. फरकच पडला नाही तर वॉल्वकडे चला.

हेडवर दोन गोल झाकणं असतात, टॅपेटची (वॉल्वची फट कमीजास्त करायचा स्क्रू). स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो म्हणून एक झाकण वर आणि एक खाली, वरचं इनटेकचं, खालचं एक्झॉस्टचं. दोन्ही खोला, खालच्यातून थोडं ऑइल सांडेल, डबा ठेवा. मग डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवरचं मधलं झाकण काढून आत १४ ची गोटी लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवा, डावीकडून बघताना पुढे जाणारं चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट. फिरवताना कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, पिस्टन वॉल्वला टेकला असू शकतो, मागे घ्या.

टॉर्च मारून बघा. इनटेकचा रॉकर, म्हणजे वॉल्वला दाबणारा छोटा हात, खाली जाईल, वॉल्वला दाबेल आणि वॉल्व त्याच्यासोबत वर येईल. एक्झॉस्टचा रॉकर दाबून परत येईल पण वॉल्व खालीच राहील, रॉकर आणि दांडीच्या टोकात चांगली दोन-चार मिलीमीटरची फट दिसेल आणि रॉकर हाताने खडखड वाजेल. हे दिसलं की नक्की झालं.

उलटं दिसलं, म्हणजे फट अजिबातच नाही आणि रॉकर दांडीवर घट्ट बसलेला, तर वॉल्व जाम नाही, टॅपेट टाईट आहे. टॅपेटचा नट सैल करून स्क्रू थोडा ढिला करा, कॉम्प्रेशन परत आलं तर काम पाच मिनिटांत संपलं. हे न बघता हेड खोललेल्या गाड्या मी बघितल्यात, फार वाईट वाटतं. जुनी बुलेट असेल तर डिकॉम्प्रेसरची (किक हलकी करायला वॉल्व उघडणाऱ्या खटक्याची) केबल अडकली नाहीये ना तेही आधी बघा, ती ओढलेली राहिली तरी कॉम्प्रेशन मिळत नाही.

इंजिन कुठे थांबवायचं

ही पायरी बहुतेक लोक सोडून देतात. इंजिन हाताने फिरवत इनटेकचा रॉकर खाली जाऊन पूर्ण वर आला की लगेच थांबा. या जागी पिस्टन खालच्या बाजूला असतो, इनटेक बंद झालेला असतो आणि एक्झॉस्टच्या कॅमचा, म्हणजे रॉकर हलवणाऱ्या फुगवट्याचा, रॉकरवर दाब नसतो. आता तुम्ही वॉल्वला थोडा खाली दाबला तरी तो पिस्टनला लागणार नाही आणि वर यायचा म्हटलं तर त्याला वरून कोणी अडवत नाही. यापुढचं भिजवायचं, ठोकायचं सगळं काम याच जागी करायचं, गोटीला आता हात लावू नका.

भिजवणं

सगळे काय करतात, टॅपेटच्या झाकणातून स्प्रे मारतात आणि दोन तासांनी म्हणतात काही झालं नाही. तिथून मारलेलं ऑइल दांडीवरच्या रबरी सीलला अडतं, आणि स्प्लेंडरसारख्या आडव्या इंजिनात तर तसंच बाहेर गळून जातं. जाम झालंय गाईडच्या खालच्या तोंडाशी, म्हणजे औषध पोर्टमधून द्यायला पाहिजे.

त्यासाठी सायलेन्सरचा बेंड पाईप हेडपासून सोडवायचा, दोन नट असतात १० नंबरचे, आणि हेच दोन नट सगळ्यात जास्त गंजलेले असतात. यांचे स्टड तुटले तर नवीन दुखणं सुरू, म्हणून आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा, मग पाना लावून एकदम ओढू नका, जरा सैल करा जरा परत आवळा, असं करत करत काढा. बीएस-६ गाडी असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर पाईपवर ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याचा कनेक्टर आधी सोडवा, वायरीवर पाईप लोंबता ठेवू नका.

पाईप निघाला की पोर्टमध्ये टॉर्च मारा. आत वाकलेल्या भोकात वॉल्वची दांडी दिसते, काळी नाहीतर तांबडी, आणि ती जिथे हेडमध्ये घुसते तिथे गाईडचं तोंड दिसतं. स्प्रेची लाल नळी वाकवून बरोबर तिथे टेकवा आणि मारा. स्प्लेंडरचा पोर्ट खालच्या बाजूला उघडतो त्यामुळे ऑइल थांबत नाही, म्हणून मी कापूस स्प्रेत चिंब भिजवून दांडीभोवती पोर्टमध्ये ठासून भरतो, म्हणजे रात्रभर ओल दांडीला लागून राहते. कापसाचं एक टोक बाहेर ठेवा नाहीतर विसराल आणि तसाच पाईप बसवाल. बुलेट किंवा पल्सरसारख्या उभ्या इंजिनात हेच करायचं, तिथे ऑइल जरा जास्त वेळ टिकतं.

आता थांबायचं. खरं सांगायचं तर हे सगळं काम थांबण्याचंच आहे. सकाळ-संध्याकाळ कापूस बदला, जुना कापूस तांबडा-काळा होऊन निघेल, म्हणजे काम चालू आहे. मधे मधे हेअर ड्रायरने हेड दहा मिनिटं गरम करा, अॅल्युमिनियम फुगतं, थंड होताना आकसतं आणि त्या हालचालीत ऑइल आत खेचलं जातं. पण स्प्रे लगेच पेटतो, त्यामुळे गरम करताना कापूस बाहेर काढलेला पाहिजे, पोर्ट पुसलेला पाहिजे, पेट्रोलचा कॉक बंद पाहिजे, आणि स्प्रे परत मारायचा तो हेड हाताला कोमट लागेल एवढं थंड झाल्यावरच. गॅसची शेगडी, ब्लो लॅम्प असलं काही जवळ आणू नका.

हलवणं

दोन दिवस भिजल्यावर एक्झॉस्टच्या टॅपेटच्या स्क्रूवर पितळी दांडी टेकवा आणि प्लास्टिकच्या हातोडीने हळू टिचका द्या. आपल्याला वॉल्व अजून उघडायचा नाहीये, एक मिलीमीटर खाली सरकवायचा आहे आणि स्प्रिंगला तो परत वर ढकलू द्यायचा आहे. वॉल्वच्या दांडीच्या टोकावर लोखंडी हातोडीने मारलं तर टोक पसरतं आणि मग वॉल्व गाईडमधून कधीच निघत नाही. टिचकी मारा, बघा, परत स्प्रे, परत टिचकी. नाही हलला तर नाही, कापूस भरा आणि उद्या या.

पहिल्यांदा हलेल तेव्हा एवढंसंच हलेल, अर्धा मिलीमीटर खाली, अर्धा वर. इथे उत्साहात जोर वाढवू नका. तेवढ्याच हालचालीत पंधरा-वीस वेळा वरखाली करा, ऑइल आत जातं, गंज बाहेर येतो, हालचाल हळूहळू वाढते. मामांच्या गाडीला दोन दिवस एवढंच चाललं होतं, आणि पाचव्या दिवशी सकाळी एका टिचकीनंतर स्प्रिंगने वॉल्व टक् करून वर खेचला, तो आवाज ऐकून मामा चहा टाकून बाहेर आले.

चार-पाच दिवसांत खाली सरकतो पण वर येत नाही असं झालं तर दोरीचा उपाय आहे. प्लगच्या भोकातून चार मिलीमीटरची मऊ नायलॉनची दोरी आत सोडत जायची, दोन-तीन हात जाते, बाहेरचं टोक हँडलला बांधून ठेवायचं. मग गोटीने इंजिन त्याच पुढच्या दिशेने अगदी हळू फिरवायचं, पिस्टन वर येतो, दोरी दाबली जाते आणि दोरी वॉल्वच्या डोक्याला वर ढकलते. आपण इनटेक बंद झाल्यावर थांबलोय म्हणजे हा कॉम्प्रेशनचा स्ट्रोक आहे, यातच करायचं, एक्झॉस्टच्या स्ट्रोकला कॅम वॉल्वला वरून दाबत असतो आणि खालून दोरी, मग काहीतरी वाकणारच. हाताला जेवढा दाब सहज लागतो तेवढाच द्या, पाना लांब करून जोर लावायचा नाही. अडलं तर मागे फिरवा, दोरी काढा आणि परत भिजवायला लागा.

सुटल्यावर

लगेच किक मारू नका. प्लग काढलेलाच ठेवून इंजिन गोटीने चाळीस-पन्नास फेरे फिरवा, मधे मधे पोर्टमधून दांडीवर स्प्रे आणि वरून रॉकरवर थोडं इंजिन ऑइल. दर वेळी वॉल्व रॉकरसोबत झटकन वर येतोय का बघा, रेंगाळत येत असेल तर अजून गंज आहे. मग मॅग्नेटवरची टी ची खूण कव्हरच्या खुणेसमोर आणा, दोन्ही रॉकर जरा सैल लागले पाहिजेत, घट्ट असतील तर अजून एक फेरा. या जागी इंजिन थंड असताना फिलर गेज लावून टॅपेट सेट करा, किती ठेवायचा तो आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्या.

आता अंगठ्याने कॉम्प्रेशन बघा. पोर्टमधला कापूस निघालाय ना ते एकदा बोट घालून बघा. बेंड पाईपची रिंग नवीन टाका, फार पैशांची नसते. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, चार महिने उभ्या गाडीच्या टाकीत तेच पाणी असतं. प्लग नवीन नाहीतर घासून, आणि किक.

चालू झाल्यावर भरपूर पांढरा धूर येईल, घाबरू नका, सायलेन्सरमधलं पाणी आणि स्प्रे जळतोय, पण गाडी मोकळ्यावर ठेवा. पाच मिनिटं हळू चालू द्या, रेस करू नका. त्यानंतर तिला लांब न्या, हे औषधाचा शेवटचा डोस समजा. मी मामांची गाडी त्र्यंबक रोडला काढली आणि त्र्यंबकेश्वरपर्यंत पन्नासच्या आसपास नेली, एका बाजूने २८-३० किलोमीटर होतात, तेवढ्यात इंजिन पूर्ण तापतं आणि ओल निघून जाते. परत आल्यावर गरम असतानाच इंजिन ऑइल बदला, कारण स्प्रे आणि गंजाचा गाळ त्यात उतरलेला असतो. शंभरेक किलोमीटरनंतर टॅपेट परत एकदा चेक करा.

गाडी थंड असताना छान चालते पण दहा किलोमीटर पळाली की कॉम्प्रेशन जातं आणि थंड झाली की परत येतं, असं होत असेल तर गाईडमध्ये कार्बन उरलाय, दांडी तापून फुगली की पकडते. मग हेड खोलावंच लागतं, आणि आठ-दहा दिवस भिजवूनही काहीच हललं नाही तरीही.

हेड खोलावं लागलं तर

पहिल्यांदाच करणाऱ्याने हे एकट्याने करू नये, टायमिंग चेन चुकीच्या दाताला बसली तर नुकसान मोठं होतं. ओळखीच्या मिस्त्रीकडे जा, पण जवळ उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. वॉल्व बाहेर काढायच्या आधी दांडीचा उघडा भाग कार्बन खरवडून साफ केला पाहिजे, नाहीतर तो कार्बन गाईडमधून ओढला जाऊन गाईडला रेघा पडतात. निघालेला वॉल्व काचेवर लोळवून बघायचा, डोकं डुगडुगलं तर वाकलाय, नवीनच टाका. आणि वॉल्व सीटवर (तो टेकतो त्या कड्यावर) घासून बसवल्यावर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाच मिनिटं ठेवायचं, वॉल्वच्या कडेने थेंबही झिरपता कामा नये. दांडीला पॉलिश पेपर मारून "आता सैल चालतो" म्हणणाऱ्याला थांबवा, तो सैलपणा पुढे ऑइल पितो. गाईड बदलायचं किंवा सीट कापायची वेळ आली तर सातपूर-अंबडच्या बाजूला हेडचं काम करणारे लेथवाले आहेत, हेड तिकडे द्या.

पुढच्या पावसाळ्यासाठी

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर आधी एक वीस किलोमीटरची फेरी मारून ती पूर्ण तापवा आणि मगच ठेवा. दर आठवड्याला दोन मिनिटं चालू करून बंद करणं हे न करण्यापेक्षा वाईट, त्यातून फक्त पाणी तयार होतं. ठेवताना इग्निशन बंद करून किक हाताने हळू दाबत जा, जिथे एकदम जड लागेल तिथे थांबा, त्या जागी दोन्ही वॉल्व बंद असतात आणि ओल सिलिंडरमध्ये शिरत नाही, वॉल्वही सीटवर बसलेला राहतो. सायलेन्सर थंड झाला की त्याच्या तोंडात ऑइलचा फडका कोंबा, आणि त्याच कापडाची एक लाल पट्टी किकला बांधा, म्हणजे दसऱ्याच्या सकाळी चालू करायला गेलात की आधी ती सोडावी लागेल आणि फडका आठवेल.